सातावर थांबलेली मोजणी

आधी दस्तगीर मिस्त्रींचं नाव लिहितो, मग बाकीचं. वाचता वाचता कुणी मधेच पान उलटलं तरी एवढं नाव वाचून जावं. मिरजेकडचे गवंडी, वय साठीच्या आतबाहेर, डाव्या कानानं कमी ऐकू येतं. मी आज हे लिहायला जिवंत आहे तो त्यांच्यामुळं. ते स्वतः म्हणतात, "मी काय बी केलं न्हाई." आणि ते खोटं बोलत नाहीत... म्हणून तर लिहायला बसलोय.

या मासिकात लोकांचे असले अनुभव छापून येतात ते आमच्या पत्र्याच्या शेडमध्ये मोठ्यानं वाचले जातात. वाचणारा मीच, कारण मराठी तिसरी झालेला तिथं मी एकटा. आणि वाचून झालं की सगळ्यांत आधी हसणाराही मीच. आमचं गाव महाबळेश्वराच्या खालच्या अंगाला, दरीत. पावसाळ्यात चार महिने धुक्यानं शेजारचं घर दिसत नाही. अशा ठिकाणी वाढलेल्याला अंधारात काही हललेलं दिसलं तर तो म्हैस सुटली की काय ते आधी बघतो. माझा असल्या गोष्टींवर कधीच विश्वास नव्हता. आताही आहे असं म्हणवत नाही.

वडील गेले आणि शाळा सुटली. मामानं रहिमतपूरला एका धान्याच्या दुकानात मापाडी म्हणून चिकटवलं. सहा वर्षं पायलीनं जोंधळा मोजला. मापाड्याची एक रीत असते, ती इथं सांगावी लागेल, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. पहिलं माप टाकताना 'एक' म्हणायचं नाही, 'लाभ' म्हणायचं. लाभ, मग दोन, मग तीन. आणि पुढचं माप भरेपर्यंत तोंडातला आकडा घोळवत ठेवायचा — तीन, तीन, तीन, तीन — म्हणजे मधे कुणी काही विचारलं तरी मोजणी चुकत नाही. सहा वर्षांनी असं होतं की कुणी आकडा म्हटला की हात आपोआप पुढं सरकतो. त्याला डोकं लागत नाही.

लढाईत धान्यावर कंट्रोल आला आणि दुकानात मोजायला काही उरलं नाही. मी खाली सांगलीच्या अंगाला उतरलो. आमच्याकडून हे लांब पडतं — बोली तीच, पण माणूस कुणी ओळखीचं नाही. पलूसजवळच्या स्टेशनात तापानं फणफणून पडलो होतो, तेव्हा सिमेंटच्या गोणी न्यायला आलेले दस्तगीर मिस्त्री माझ्यापाशी थांबले.

"कुठला रं तू?"

"लांबचा."

"लांबचा मंजी?"

"महाबळेसराच्या खालचा."

"मग पाण्यातला माणूस हाईस की! चल. आमच्याकडं पाण्याचंच काम हाय."

गोणींवर मला आडवा टाकला आणि घेऊन आले. आठ दिवस स्वतःच्या डब्यातली भाकरी दिली. नवव्या दिवशी मुकादमापुढं उभा केला आणि म्हणाले, "ह्यो माझा." एवढ्यावर मला काम मिळालं.

काम होतं विमानाच्या मैदानावर. पलूस आणि सांगलीच्या मधे माळावर आहे, नाव लिहीत नाही, तिथं अजून माणसं नोकरीला आहेत. विमान क्वचित उतरायचं, गर्दी असायची ती गाड्यांची. फाटकातून आत गेलं की डाव्या हाताला मोटारी उभ्या करायचा तळ, दोन एकरांचा असेल. लढाईच्या आधी बांधला तेव्हा चार-दोन बड्या लोकांच्या मोटारी तिथं सावलीला थांबायच्या. मग लष्करी लॉऱ्या आल्या. त्यांच्या वजनानं खालच्या दगडी मोरीच्या शिळा तडकल्या, मोरीत गाळ बसला, आणि दर पावसाळ्यात तळाचं तळं व्हायला लागलं. लढाई थांबली त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात वरून हुकूम आला — जुनी मोरी साफ करा, खचली असेल तिथं सिमेंटचे मोठे पाईप घाला, सगळं पावसाच्या आत.

मोरी अशी होती. उत्तरेला, उंचावर, लॉऱ्या धुण्याचा मोठा हौद. तिथून ती निघायची आणि तळाच्या पोटातून सरळ दक्षिणेला ओढ्यात पडायची. आत उभं राहता येत नव्हतं, रांगायचं. दर पन्नास फुटांवर तिला वरून एक तोंड होतं, पण सगळी तोंडं मुरमाखाली गाडली गेलेली. ती मोजून शोधायची हे पहिलं काम.

साखळीचं पुढचं टोक माझ्या हातात. मागं वही घेऊन कारकून विनायकराव, पुण्याहून नुकतेच आलेले, उन्हानं लालबुंद. हौदापाशी पहिलं तोंड लागलं तसा मी ओरडलो, "लाभ!"

"काय?"

"लाभ, लाभ! फुडं चला!"

अण्णाप्पा मुकादम पोट धरून खाली बसले. "आरं गड्या, मोरी मोजतोयस का जोंधळा? गटारात कसला रं लाभ तुला?"

तेव्हापासून माझं नाव लाभ्या. दस्तगीर मिस्त्री तेवढे हसले नाहीत. "बराबर हाय त्येचं. आमच्यात बी पयल्याला एक म्हणत न्हाईत. बरकत म्हणत्यात."

"घ्या! ह्येचा लाभ आन तुमची बरकत. आन आमच्या वाट्याला गाळ!" अण्णाप्पा म्हणाले.

अशी सहा तोंडं सापडली. हौदाकडून ओढ्याकडं — लाभ, दोन, तीन, चार, पाच, सहा. विनायकरावांनी वहीत काय लिहिलं ते मी बघितलं नाही. लिहिणाऱ्या माणसाला विचारायची माझी छाती नव्हती, अजून नाही.

त्यांनी काय लिहिलं ते नंतर कळलं, पण आत्ताच सांगतो. 'लाभ' हा आकडा आहे हेच त्यांना ठाऊक नव्हतं. मोजणीत सुरुवातीच्या खुणेला शून्य धरतात म्हणे. त्यांना वाटलं, हा इकडचा सुरुवात करायचा शब्द असेल. मी 'दोन' ओरडलो तेव्हा त्यांना वाटलं, अडाणी आहे, एक म्हणायचा विसरला. त्यांनी बिचाऱ्यांनी माझी चूक दुरुस्त करून घेतली. माझा दोन तो त्यांचा एक. माझा पाच तो त्यांचा चार.

महिनाभर या फरकानं कुणाचं काही अडलं नाही.

त्या दिवशी सकाळी मिस्त्री बैलगाड्या घेऊन स्टेशनावर पाईप आणायला गेले होते. चार कोस जायचं, चार कोस यायचं. मी ओढ्याच्या बाजूनं मोरीत शिरून गाळ काढत वर सरकत होतो. जेवायच्या सुट्टीपर्यंत सहा आणि पाच मागं पडली होती, चाराकडं चाललो होतो. जेवण झाल्यावर अण्णाप्पा ओढ्यावर आले.

"लाभ्या, वरचं काम चारापातूर झालंय. साहेब यायच्या आत हौदाचं पाणी सोडून बघायचंय."

"मग मी भाईर ऱ्हाऊ का?"

"कशाला? तू पाच आन चारच्या मदी न्हवं? चाराला फळी टाकतो. पाणी फळीला अडंल आन वरच्या वर चरात जाईल. तुला थेंब लागायचा न्हाई."

"व्हय," मी म्हटलं. माझ्या तोंडातून दुसरं काही निघतच नाही.

प्रत्येक तोंडाशी दोन्ही भिंतींना खाचा होत्या. वरून त्यांत लाकडी फळी सोडली की मोरी तिथं बंद. ती फळी माझ्या पुढं पडायला हवी होती, मी आणि पाणी यांच्या मधे. अण्णाप्पांनी वर जाऊन सांगितलं, "चाराला फळी टाका," आणि स्वतः हौदावर गेले. विनायकरावांनी वही उघडली आणि गड्यांना चार दाखवला. वहीतला चार.

म्हणजे माझा पाच.

मी आत रांगत होतो. शेजारी रॉकेलची चिमणी. धप्प असा आवाज झाला आणि तो मागून आला. मला वाटलं, मोरीत आवाज फिरतो, पुढचा मागं वाटतो. मग वाऱ्याची झुळूक आली आणि चिमणी विझली. मग पाणी आलं.

पहिल्यांदा बोटभर. मी मागं मागं सरकत गेलो तर पाय फळीला लागले. पाचाचं तोंड फळीच्या पलीकडं राहिलं होतं. लाथा घातल्या. पाण्याच्या दाबानं फळी खाचेत घट्ट बसली होती. ओरडलो. वर मुरूम दाबायचं रोलर इंजिन चालू होतं, त्याची धडधड माझ्या दातांत लागत होती. म्हणजे माझा आवाज कुणाला जाणार नव्हता. पुढच्या तोंडापर्यंत पन्नास फूट, आणि सगळं पाणी तिकडूनच येत होतं. चार-पाच हात गेलो की ते मला परत फळीवर आणून टाकायचं. दोनदा टाकलं.

भीती वाटायला पाहिजे होती... लोक विचारतात, कसं वाटलं रे तुला. काही वाटलं नाही. आईचा चेहरा आठवला नाही. पाणी छातीशी आलं तेव्हा मला एवढंच सुचलं की फावडं वाहून गेलं तर मुकादम ओरडतील, म्हणून मी ते गुडघ्याखाली दाबून धरलं आणि बसून राहिलो. पाणी गळ्याशी आलं. मान वाकडी करून डोकं वरच्या शिळेला टेकवलं. तेवढीच जागा उरली होती.

आणि उजव्या कानाशी कुणी तरी म्हणालं, "बरकत."

ओरडून नाही. काम करताना म्हणतात तसं. तो घोगरा आवाज दस्तगीर मिस्त्रींचा होता. त्यांच्याशेजारी मी रोज बसून जेवतो, मला त्यांचा आवाज ओळखायला दिवा लागत नाही.

माझा उजवा हात भिंतीवर होता. तो आपोआप पुढच्या दगडावर गेला.

"दोन."

आणखी एक दगड. हाताबरोबर अंग ओढलं गेलं. फावडं काखेत होतं, ते कधी घेतलं ते माहीत नाही.

"तीन. चार. पाच."

पाणी तोंडात जात होतं. मघाशी ज्या पाण्यानं मला दोनदा मागं फेकलं त्यातूनच मी पुढं चाललो होतो. ताकद लावल्याचं आठवत नाही.

"सहा. सात."

मी आठाची वाट बघत होतो. आठ आला नाही. "सात, सात, सात, सात..." आवाज तिथंच घोळत राहिला. मापाड्याला याचा अर्थ सांगावा लागत नाही. माप अजून भरलं नाही. हात काढायचा नाही.

म्हणून हात त्या सातव्या दगडावर राहिला. आणि मग बोटांना कळलं की त्याच्या सांध्यात चुना नाही. बोट आत जात होतं, आणि आतून गार हवा येत होती. फावड्याचं पातं सांध्यात घातलं आणि अंग टाकलं. दगड हलला. पुन्हा टाकलं. आवाज चालूच — सात, सात, सात — घाई नाही, राग नाही. दगड आतल्या बाजूला पडला आणि त्याच्यामागं पाणी घुसलं, पाण्याबरोबर मी.

ती एक पोटमोरी होती. जुनी, कोरडी, माणूस पोटावर सरपटेल एवढी. पाण्यानं मला तिच्यातून रेटत नेलं, खांदे आणि कोपरं सोलून निघाली. मग उजेड दिसला. तळाच्या कुंपणाला लागून निवडुंगाच्या आड एक खड्डा होता, पाचोळा आणि फुटक्या बाटल्यांनी भरलेला. त्यात मी बाहेर पडलो. डोकं उन्हात आलं तेव्हा मागून एकदाच ऐकू आलं, "आठ." त्यानंतर काही नाही.

मी उठून तळाला वळसा घालून हौदाकडं गेलो. सगळे तिकडं तोंड करून उभे होते. अण्णाप्पांनी मला बघितलं, मग मोरीकडं बघितलं.

"लाभ्या? तू हितं? ...आरं मग आत कोण हाय?"

"कुणी न्हाई. फळी मागं पडली."

"मागं कशी पडंल? चाराला टाकलीया!"

"पाचाला पडली."

विनायकरावांनी वही उघडली आणि आमच्या दोघांच्या तोंडांकडं बघत राहिले. "हा चार आहे," ते म्हणाले. "हा... चारच आहे ना?" अण्णाप्पा बोटानं एकेक तोंड मोजायला लागले, "लाभ, दोन, तीन..." आणि विनायकराव मटकन मुरमात बसले. मला त्यांच्याजवळ बसून काही बोलावंसं वाटलं, पण जे तोंडातून आलं ते असं, "फावडं आत राहिलं."

अण्णाप्पांनी मला आईवरून एक शिवी दिली आणि स्वतःचा पटका सोडून माझं डोकं पुसलं. बराच वेळ पुसत होते.

आवाजाचं मी कुणाला बोललो नाही. हे लक्षात ठेवा. सात हा आकडा मी कुणाजवळ काढला नव्हता.

ऊन कलल्यावर गाड्या आल्या. मिस्त्री उतरायच्या आत मी चाकापाशी जाऊन उभा राहिलो.

"चाचा, तुमी दुपारी मोरीवर आलतासा?"

"मी? आरं मी ठेसनावर हुतो. ही बैलं हायत का इमान?"

गाडीवान बाबूराव हसायला लागला. "त्यास्नी काय इचारू नगंस. आज ऊन लागलंय चाचांला. पाईप मोजून घेताना सातावर अडकलं. हमाल आठवा पाईप खांद्यावर घिऊन हुबं, आन ह्ये आपलं सात, सात, सात, सात! हमाल म्हणाया लागलं, आवं चाचा, खांदा मोडला की, आठ म्हणा आता!"

मिस्त्री चिडले. "व्हय, अडकलो. काय करू? असं वाटलं, कोन तरी मापात हात घालून बसलाय. त्येचा हात निगाल्याबिगर फुडचं माप टाकायचं कसं?"

"मग आठ कवा म्हणलासा?" मी विचारलं.

"निगाला असंल हात. म्हणलो."

मग मी त्यांना सांगितलं. उभ्या उभ्याच, जसं इथं लिहिलं तसंच. त्यांनी चांगला कान माझ्याकडं केला होता. सगळं ऐकून झाल्यावर त्यांनी माझी सोललेली कोपरं बघितली, एक, मग दुसरं.

"दुपारधरनं काय खाल्लंस का?"

"न्हाई."

"चल."

पोटमोरी साहेबांनी दुसऱ्या दिवशी कंदील घेऊन बघितली आणि नकाशात घातली. जुन्या नकाशात ती नव्हती. मिस्त्रींनी या मैदानावर आधी कधी काम केलेलं नव्हतं. सांगलीतल्या दोन-तीन म्हाताऱ्या गवंड्यांनाही त्यांनी विचारून बघितलं, कुणाला ठाऊक नव्हतं. नवे पाईप आम्ही तिलाही जोडले. आता तिथं पावसाचं पाणी थांबत नाही, मोटारी कोरड्या उभ्या असतात. विनायकरावांची नोकरी राहिली. साहेबांनी विचारलं तेव्हा मी सांगितलं, मीच 'एक' म्हणायला चुकलो. तेही खोटं नव्हतं.

विनायकरावांनी मला नंतर नीट समजावून सांगितलं. कोंडलेल्या जागी हवा कमी पडली की माणसाला आवाज ऐकू येतात. सुटा दगड तुझ्या हातालाच लागला असेल. आणि मिस्त्रींचं सातावर अडकणं हा योगायोग. ते शिकलेले आहेत, मी त्यांच्याशी वाद घातला नाही. पण एक गोष्ट मला सुटत नाही. तो आवाज माझ्याच डोक्यानं काढला असता, तर तो 'लाभ' म्हणाला असता. माझं डोकं सहा वर्षं दुसरं काही म्हणालेलं नाही. मला 'बरकत' का ऐकू यावं?

तेव्हापासून मी जरा सुन्न असतो. काम करतो, जेवतो, शेडमध्ये मासिक वाचून दाखवतो. आईला कार्ड घातलं, 'मी खुशाल आहे, काळजी नसावी.' आनंद व्हायला पाहिजे, तो होईल कधी तरी. पाणी अंगावर घेताना मात्र पहिला तांब्या ओतायला वेळ लागतो.

मिस्त्री आता परत मिरजेकडं गेले. बांधकामाच्या पायाडावर आता चढवत नाही म्हणतात. जाताना मी त्यांच्या पाया पडायला वाकलो तर त्यांनी खांदा धरून उभा केला. "आरं, मी पाईप मोजत हुतो!" आणि खरंच, त्यांच्याकडून तेवढंच झालं होतं. ओझं खांद्यावर घेतलेली माणसं ओरडत असताना, का ते माहीत नसताना, ते थांबले.

हे कसं झालं ते मला कळलेलं नाही, आणि कळेल असं वाटत नाही. पण उपकार माझ्यावर आहेत आणि ते मी फेडणार आहे. दस्तगीर मिस्त्री, हे कुणी तुम्हाला वाचून दाखवलं तर चांगल्या कानानं ऐका. तुमचा हात कधी कुठं अडकला तर मी जिथं असेन तिथं थांबेन. लोक हसोत, मुकादम ओरडो, तुमचा हात निघाल्याशिवाय मी पुढचा आकडा म्हणणार नाही.